वाडियांची गोदी

देशावर वाढलेल्या माणसाला समुद्र बहुधा पुस्तकांतूनच भेटतो. नेवासे तालुक्यांतील शनिशिंगणापुरास गेलें म्हणजे घरांना चौकटी आहेत पण दारें नाहींत हें पाहून परगांवचा मनुष्य चकित होतो; आणि गांवांतील जाणती मंडळी त्याला सांगतात कीं, एकदां ओढ्याला मोठा पूर आला, त्या पुरांत ही काळी शिळा वाहत आली आणि बोरीच्या झाडाला अडकून राहिली. पाण्यावरून काय येऊं शकतें याविषयींची आम्हां घाटावरच्या लोकांची कल्पना पुष्कळ दिवस एवढीच होती. पाण्यावरून तोफा येतात, वखारी येतात आणि त्यांच्या मागोमाग राज्येंहि येतात, हें आमच्यांतील फार थोड्यांनीं वेळेवर ओळखलें. शिवाजी महाराजांनीं ओळखलें, कान्होजी आंग्र्यांनीं ओळखलें. पुण्याच्या दरबारानें काय केलें तें पुढें ओघानें येईलच.

परंतु आरमाराचा इतिहास हा आजचा विषय नाहीं. ज्या हातांनीं जहाजें घडविलीं त्या हातांची ही हकीकत आहे. वाडिया हें नांव सुशिक्षित कुटुंबांत कोणाला अपरिचित असेल असें वाटत नाहीं. पुण्याचें वाडिया कॉलेज, परळचीं वाडिया रुग्णालयें, आणि १८७९ सालीं निघालेली बाँबे डाइंगची गिरणी, एवढ्यावरून आपण या घराण्याला ओळखतों. पण ज्या धंद्यावरून त्या घराण्याला हें आडनांव मिळालें त्या धंद्याची आठवण आतां फारशी कोणाला राहिलेली नाहीं. गुजराथींत वाडिया म्हणजे जहाज बांधणारा सुतार. १७३६ पासून १८८४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षें, मुंबईच्या गोदीचा मुख्य बांधणीकार याच एका कुळांतील पुरुष असे. बापामागून मुलगा, चुलत्यामागून पुतण्या, असा तो हुद्दा चालत गेला. आणि एवढ्या अवधींत या लोकांच्या देखरेखीखालीं तीनशेंहून अधिक जहाजें त्या गोदींतून पाण्यांत उतरलीं.

मूळ पुरुष लवजी नसरवानजी. त्यांचा जन्म १७०२ मधील, राहणें सुरतेचें. सुरत त्या वेळीं पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीचें माहेरघर होतें. १७३५ सालीं कंपनीचा डडले नांवाचा अंमलदार एक जहाज बांधून घेण्यासाठीं मुंबईहून सुरतेस गेला. काम धनजीभाई नांवाच्या पारशी कारखानदाराकडे होतें आणि त्याचे मुख्य मिस्त्री होते लवजी. डडलेच्या नजरेंत मालकापेक्षां मिस्त्रीच अधिक भरला. त्यानें त्यांना मुंबईस येण्याबद्दल गळ घातली. परंतु हातचें जहाज पुरें होईपर्यंत लवजी जागचे हलले नाहींत, असें सांगतात. दुसऱ्या वर्षीं थोडे सुतार बरोबर घेऊन ते मुंबईस आले. त्या वेळच्या मुंबईंत किल्ला होता, वखार होती, चिखल होता आणि हिंवताप होता. बंदर मात्र असें होतें कीं, त्याच्या तोडीचें दुसरें या किनाऱ्यावर नाहीं.

त्या बंदराचा एक गुण येथें सांगितला पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास त्यावर उभा आहे. मुंबईस उधाणाच्या भरतीचें आणि ओहोटीचें पाणी यांत चौदा-पंधरा फुटांचें अंतर पडतें. जहाजाचा तळ तपासावयाचा, त्याला लागलेले शिंपले खरवडावयाचे, किडलेल्या फळ्या काढून नव्या घालावयाच्या, तर जहाज पाण्याबाहेर घेतलें पाहिजे. शेंकडों टन वजनाची वस्तु उचलणार कशी? युक्ति अशी कीं, किनाऱ्यावर दगडी बांधणीचा एक खोल हौद करावयाचा, त्याला समुद्राकडच्या बाजूस दरवाजा ठेवावयाचा, भरतीबरोबर जहाज आंत घ्यावयाचें आणि ओहोटीबरोबर पाणी बाहेर सोडून दरवाजा लावून टाकावयाचा. जहाज टेकूंवर कोरडें उभें राहतें. समुद्र स्वतःच हमालाचें काम करतो. असली पहिली सुकी गोदी मुंबईस १७५० मध्यें पुरी झाली. सगळ्या आशिया खंडांत तोंपर्यंत अशी गोदी नव्हती. १७६२ मध्यें तिला लागून दुसरी आणि १७६५ मध्यें तिसरी झाली. या तिन्ही कामांत लवजींचा हात होता.

आतां पुण्याच्या दरबाराकडे वळूं. लवजींची पहिली गोदी पुरी होऊन सहा वर्षें झालीं नाहींत तोंच, फेब्रुवारी १७५६ मध्यें, इंग्रजांच्या आरमारानें विजयदुर्गाच्या खाडींत शिरून तुळाजी आंग्र्याचें आरमार जाळलें. तें जाळण्यास पेशव्यांची संमति होती. किंबहुना पेशव्यांचें सैन्य जमिनीवरून चालून आलें होतें. तुळाजी उद्दाम होता, तो छत्रपतींची आणि पेशव्यांची आण मानीत नव्हता, हें सर्व खरें. पण त्याला शासन करावयाचें आणि त्याचीं जहाजें ठेवावयाचीं, हा मार्ग नानासाहेबांना सुचला नाहीं असें दिसतें, किंवा सुचला तरी त्यांच्या हातीं राहिला नाहीं. एका रात्रींत मराठ्यांचें सर्वांत मोठें आरमार राख झालें. मुंबईहून विजयदुर्ग समुद्रमार्गें दोन दिवसांचाहि रस्ता नाहीं. एका टोकाला गोदी वाढत होती आणि दुसऱ्या टोकाला गोदीचें कारणच नाहींसें होत होतें. दोन्हींकडे हात एतद्देशीयांचेच होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

लवजी १७७४ मध्यें वारले. अडतीस वर्षें त्यांनीं कंपनीची चाकरी केली, आणि मागें ठेवलें काय, तर एक घर आणि वीस हजार रुपयांहून कमी रोकड. कंपनीचा दुय्यम दर्जाचा इंग्रज व्यापारी चार-पांच वर्षांत याच्या कितीतरी पट घेऊन विलायतेस परतत असे. लवजी प्रामाणिक होते ही त्यांची कीर्ति. परंतु त्यांच्या हातीं कांहीं नव्हतें हेंहि तितकेंच खरें. वाडियांची गोदी असें आपण म्हणतों, ती केवळ बोलण्याची रीत. जागा कंपनीची, लांकूड कंपनीचें, हुकूम कंपनीचा. वाडिया हे पगारी नोकर होते. त्यांना शाली मिळाल्या, रुप्याच्या मोजपट्ट्या मिळाल्या, इनामें मिळालीं. मालकी कधींच मिळाली नाहीं.

लवजींच्या मागून त्यांचे पुत्र माणेकजी आणि बमनजी कामावर आले. त्यांच्याच कारकीर्दींत गोदीचें खरें मोल इंग्रजांना कळलें, आणि तें कळविलें एका फ्रेंच सेनापतीनें. १७८२ व १७८३ या दोन वर्षांत बेली द सफ्रें यानें इंग्रज नौसेनापति ह्यूज याच्याशीं पूर्व समुद्रांत पांच लढाया दिल्या. सफ्रें हा ह्यूजपेक्षां चढ होता याबद्दल जाणत्यांत फारसा मतभेद नाहीं. परंतु लढाईंत मोडलेलें जहाज नीट करण्यास त्याच्याजवळ जागा नव्हती. पूर्व किनाऱ्यावर पावसाळी वादळें सुरू झालीं म्हणजे तो सुमात्रा बेटाच्या टोंकाला अचीन येथें जाऊन उघड्या बंदरांत हाताला लागेल त्या लांकडानें डागडुजी करी. ह्यूज मात्र सरळ मुंबईस येई, जहाजें सुक्या गोदींत घेई आणि नवीं करून बाहेर पडे. माणेकजी व बमनजी यांच्या सुतारांनीं त्या दोन वर्षांत जें काम केलें त्याची नोंद लढायांच्या वर्णनांत सांपडत नाहीं. पण सफ्रेंचा पराक्रम निष्फळ होण्याचें एक कारण मुंबईच्या किनाऱ्यावर होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढच्या पिढींत बमनजींचे पुत्र जमशेटजी हे या घराण्याचे कळस ठरले. १७९२ पासून १८२१ पर्यंत तेच मुख्य बांधणीकार. या काळांत युरोपांत नेपोलियनशीं युद्ध पेटलेलें, आणि इंग्लंडांत ओक वृक्षाचा तुटवडा. एक मोठें लढाऊ जहाज म्हणजे अडीच-तीन हजार वाढलेलीं झाडें. ओक शंभर वर्षांत तयार होतो, आणि तोफेचा गोळा त्याचा चुराडा एका क्षणांत करतो. तेव्हां विलायतच्या आरमारखात्याची नजर मलबारच्या सागवानाकडे वळली.

सागवानाविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे. घरांतील दार, पाट, झोपाळा हे सागवानी असले म्हणजे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतात हें आपल्याकडील प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. जहाजालाहि तोच न्याय. सागांत एक प्रकारचें तेल असतें, त्यामुळें पाणी आणि कीड यांना तो सहसा दाद देत नाहीं. दुसरें असें कीं, ओकाच्या अंगीं एक आम्ल असतें, तें आंत ठोकलेल्या लोखंडी खिळ्याला खातें. खिळा गंजला कीं फळी ढिली होते. सागांत लोखंड सुरक्षित राहतें. शिवाय या किनाऱ्यावरील कारागिरांची जोडणी वेगळी. इंग्लंडांत फळीला फळी नुसती भिडवून मधली फट तागाच्या दोऱ्यांनीं व डांबरानें भरीत. सुरतेच्या पद्धतींत एका फळीच्या कडेला खांच आणि दुसरीला तिच्यांत बसेल अशी जीभ ठेवून, मध्यें कापूस व राळ घालून त्या अशा बसवीत कीं दोन फळ्यांची एकच होऊन जाई. वर तळाला चुना व तेल यांचा लेप. इंग्लंडांत बांधलेलें जहाज बारा वर्षांत निकामी होतें आणि मुंबईचें पन्नास वर्षें चालतें, असा हिशेब १८११ च्या सुमारास एका इंग्रज लष्करी अंमलदारानेंच मांडला होता. त्यांत थोडी वाढ धरली, तरी पुढें सांगितलेल्या जहाजांचें आयुष्य पाहतां तो मनुष्य फारसा चुकला होता असें वाटत नाहीं.

गव्हर्नर डंकन याच्या नांवाच्या दोन नव्या गोद्या १८०७ व १८१० मध्यें झाल्या आणि मोठ्या बांधणीस जागा मिळाली. १९ जून १८१० रोजीं ‘मिंडन’ हें चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज पाण्यांत उतरलें. लढाईच्या रांगेंत उभें राहण्याजोगें इंग्रजी आरमाराचें जहाज ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलें गेलें, तें हें पहिलें. ग्रीनविच येथील नौकासंग्रहालयांत जमशेटजींचें एक तैलचित्र आहे. पांढरा अंगरखा, डोक्याला पागोटें, आणि खिडकींतून दिसणारें ‘मिंडन’. अमेरिकेचें राष्ट्रगीत याच जहाजावर लिहिलें गेलें, अशी एक गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येते. ती पुराव्याला उतरत नाहीं. तें गीत रचणारा फ्रान्सिस स्कॉट की हा १८१४ मध्यें तहाचें निशाण लावलेल्या एका अमेरिकन जहाजावर होता. ‘मिंडन’ला उसन्या दागिन्याची गरज नाहीं.

दुसरी एक आख्यायिका मात्र मला टाकवत नाहीं, जरी तीहि आख्यायिकाच आहे. १८०० सालीं कंपनीसाठीं ‘कॉर्नवॉलिस’ नांवाचें जहाज बांधीत असतां जमशेटजींना एका इंग्रजाकडून काळा म्हणून कांहीं अपशब्द ऐकावा लागला. ते कांहीं बोलले नाहींत. पुष्कळ वर्षांनीं तें जहाज दुरुस्तीस परत आलें आणि तळ उघडला, तेव्हां त्यांनीं आंतल्या तुळईवर कोरलेला मजकूर सर्वांना दाखविला: हें जहाज एका शापित काळ्या माणसानें बांधलें, इसवी सन १८००. ज्या जागीं कोणाचा डोळा पोंचत नाहीं अशा जागीं, आणि जहाज मोडेपर्यंत कोणाला पुसतां येणार नाहीं अशा रीतीनें! गोष्ट खरी असो वा नसो, ती ज्यांनीं रचली व जपली त्यांच्या मनांत काय होतें तें स्पष्ट आहे.

तळकण्याचें पहिलें लांकूड मांडण्याच्या वेळीं पारशी विधीप्रमाणें त्यांत रुप्याचा खिळा ठोकण्याची चाल होती. एप्रिल १८१६ मध्यें जमशेटजींनीं असाच एक खिळा ठोकला तो ‘त्रिंकोमाली’ या जहाजाचा. त्या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नांवाच्या जहाजानें निघाले होते. तें १८१२ च्या अखेरीस अमेरिकन जहाजाशीं झालेल्या लढाईंत नष्ट झालें आणि नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत काम खोळंबलें. जहाज पाण्यांत उतरलें तें १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं. त्यानंतर तीन आठवड्यांनीं खडकीची लढाई झाली. पेशवाई संपली तें वर्ष आणि मुंबईच्या गोदीच्या भरभराटीचें वर्ष एकच आहे.

या जहाजांनीं पुढें काय केलें, हें सांगतांना लेखणी थोडी अडखळते. १८२४ मध्यें पाण्यांत पडलेलें ‘एशिया’, चौऱ्यायशीं तोफांचें, हें १८२७ च्या ऑक्टोबरांत नवारिनोच्या लढाईंत कॉड्रिंग्टन याचें मुख्य जहाज होतें. त्या लढाईनें ग्रीस देशाचें स्वातंत्र्य निश्चित झालें. याबद्दल अभिमान वाटला तर तो क्षम्य आहे. पण १८१५ च्या ‘वेलस्ली’नें १८३९ मध्यें कराचीच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि सिंधचा दरवाजा इंग्रजांना उघडून दिला. १८१३ मध्यें बांधलेल्या दुसऱ्या ‘कॉर्नवॉलिस’वर, यांगत्से नदींत, २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगच्या तहावर चिनी वकिलांच्या सह्या घेण्यांत आल्या. तें युद्ध अफूचें होतें, ती अफू पुष्कळशी माळव्याची होती, आणि ती मुंबईहूनच जात असे. माळव्याचा शेतकरी, मुंबईचा शेट, मुंबईचें जहाज. आणि हांगकांग मिळालें इंग्रजांना. कारागिराला आपल्या वस्तूचा उपयोग ठरवितां येत नाहीं हें खरें, परंतु म्हणून त्या उपयोगाकडे इतिहासकारानें पाठ फिरवावी असें नाहीं.

एवढा ज्या धंद्याचा बोलबाला तो पन्नास वर्षांत मावळला कसा? आपल्याकडे याचीं दोन उत्तरें तयार असतात. एक पक्ष म्हणतो, इंग्रजांनीं मत्सरानें धंदा मारला. दुसरा म्हणतो, वाफ आणि लोखंड आलें, लांकडाचा काळ गेला, त्याला कोण काय करणार! दोन्ही उत्तरांत सत्य आहे आणि दोन्ही अपुरीं आहेत.

मत्सराचा पुरावा भरपूर आहे. १७९५ मध्यें हिंदुस्थानांत बांधलेलीं जहाजें माल घेऊन लंडनच्या नदींत शिरलीं तेव्हां तेथील कारखानदारांनीं शत्रूचें आरमार आल्यासारखा कोलाहल केला. आपले सुतार उपाशी मरतील अशी त्यांची तक्रार होती. पुढें १८१४ च्या सुमारास जे कायदे झाले त्यांत जहाज ब्रिटिश गणलें जाण्यास कप्तान ब्रिटिश आणि खलाशांत तीन-चतुर्थांश लोक ब्रिटिश असले पाहिजेत हा निर्बंध आला. आणि १८२३ च्या कायद्यानें हिंदी खलाशी, म्हणजे लस्कर, हा ब्रिटिश खलाशी नव्हेच असें ठरविलें. जहाज मुंबईचें, पण त्यावर मुंबईचे तांडेल-खलाशी ठेवले तर तें परकें! यामुळें व्यापारी जहाजांचें मोठें गिऱ्हाईक तुटलें. तरीहि लढाऊ जहाजांचीं कामें चालूच राहिलीं. ‘गंगा’ १८२१ मध्यें, ‘बाँबे’ १८२८ मध्यें, ‘कलकत्ता’ १८३१ मध्यें, आणि ‘मियानी’ अगदीं १८४८ मध्यें. केवळ मत्सरानेंच धंदा मेला असता तर हीं बांधलीं गेलीं नसतीं.

वाफेची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, कारण वाडिया वाफेला मुळींच भ्याले नाहींत. जमशेटजींचे पुत्र नवरोजी यांनीं १८२९ मध्यें ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट बांधली. यंत्रें विलायतेहून आणविलीं होतीं. २० मार्च १८३० रोजीं ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोंचली. तिच्यांत कोळशाला जागा पांच-सहा दिवसांपुरती, आणि एडनपर्यंतची वाट अकरा दिवसांची. म्हणून कोठड्या, तक्तपोशी, जेथें मिळेल तेथें कोळसा भरला होता, आणि एडनला पोंचली तेव्हां तो जेमतेम कांहीं तासांचा उरला होता. पुढला कोळसा शिडाच्या जहाजानें आधींच पाठवून ठेवावा लागला होता. हिंदुस्थान आणि युरोप यांमधील आगबोटींच्या टपालाचा हा आरंभ, आणि तो मुंबईच्या सुतारांनीं केला.

त्याच घराण्यांतील अर्देशर करसेटजी (१८०८–१८७७) यांनीं १८३३ मध्यें ‘इंडस’ नांवाच्या लहानशा नौकेवर वाफेचें यंत्र स्वतः चढविलें. १८३४ मध्यें आपल्या माझगांवच्या बंगल्यांत धुराच्या दिव्यांऐवजीं वायूचे दिवे लावले, आणि ते पाहण्यास खुद्द गव्हर्नर आला. १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. रामानुजन् यांचें नांव त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनीं येतें. त्याच वर्षीं ते मुंबईच्या गोदींतील यंत्रशाळेचे मुख्य झाले, आणि त्यांच्या हाताखालीं युरोपियन यंत्रज्ञ व कामकरी आले. एतद्देशीयाच्या हुकुमांत गोऱ्यांनीं वागावें ही गोष्ट मुंबईंतील इंग्रजी वृत्तपत्रास सहन झाली नाहीं. त्यांचेच भाऊबंद जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहेरवानजी हे १८३८ मध्यें चॅथमच्या सरकारी गोदींत उमेदवारी करण्यास विलायतेस गेले, अडीच वर्षें राहिले, आणि त्यांनीं आपल्या मुक्कामाचा वृत्तांत १८४१ मध्यें लंडनांत छापून प्रसिद्ध केला. काळ कोणीकडे चालला आहे हें ज्यांना दिसत नव्हतें असे हे लोक खचित नव्हते.

मग उणें कोठें पडलें? १८४० नंतर प्रश्न निव्वळ यंत्राचा राहिला नाहीं. जहाजाचें अंगच लोखंडाचें होऊं लागलें. मुंबईचें सारें भांडवल सागवानांत आणि सुताराच्या हातांत होतें. लोखंड वितळविण्याचे मोठे कारखाने देशांत नव्हते. टाटांचें पोलाद १९१२ मध्यें निघालें, म्हणजे सत्तर वर्षें उशीरां. पण केवळ लोखंड जवळ नसणें हें कारण पुरेसें नाहीं, आणि यासाठीं फ्रान्सकडे पुन्हां एकदां पाहावें असें मी सुचवितों.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर सेन्‌-नाझेर येथें १८६० पर्यंत लोखंडी जहाजांचा मोठा कारखाना नव्हता. तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारास अमेरिकेचें टपाल फ्रेंच आगबोटींतून जावेंसें वाटलें. त्यानें पेरेर बंधूंच्या कंपनीला टपालाचा ठेका आणि दरसालचें साहाय्य दिलें. मात्र कांहीं जहाजें फ्रान्सांतच बांधलीं पाहिजेत अशी अट घातली. फ्रेंच कारागिराला लोखंडाचें काम येत नव्हतें, तेव्हां कंपनीनें स्कॉटलंडांतून जॉन स्कॉट याला बोलावून घेतलें आणि १८६१ पासून पेन्होएटचा कारखाना उभा केला. १८६४ मध्यें त्यांतून ‘एंपेरात्रीस यूजेनी’ ही आगबोट बाहेर पडली. त्या कारखान्यानेंहि पुढें पुष्कळ उतार पाहिले. पण १९३२ मध्यें ‘नॉर्मंडी’सारखें अजस्र जहाज त्याच किनाऱ्यावरून पाण्यांत गेलें, आणि तेथें आजहि जहाजें बांधलीं जातात. नवें शिकण्याचा खर्च तेथें राज्यानें सोसला.

त्याच सुमारास मुंबईस काय चाललें होतें? १८५८ मध्यें कंपनी गेली आणि राणीचें राज्य आलें. ३० एप्रिल १८६३ रोजीं हिंदी आरमार, ज्याचा मुंबईची गोदी हा कणा होता, तें मोडून टाकण्यांत आलें. किनाऱ्याचें रक्षण विलायतचें आरमार करील असें ठरलें, आणि टपाल तर पूर्वींच पी. अँड ओ. कंपनीकडे गेलें होतें. घरचें गिऱ्हाईक असें एका हुकुमानें नाहींसें झालें. सेन्‌-नाझेरला स्कॉटलंडचा मनुष्य बोलावण्यांत आला. मुंबईंत रॉयल सोसायटीचा सभासद घरचाच होता, तोहि १८५७ मध्यें निवृत्त झाला आणि पुढें इंग्लंडांत जाऊन राहिला. ज्याच्या हातीं राज्य नाहीं त्याच्या हातीं धंदा फार दिवस टिकत नाहीं, हें दादाभाईंपासून सर्वांनीं आंकड्यांनीं सांगितलें. येथें तें एका घराण्याच्या चरित्रांत दिसतें.

मोडलेल्या आरमाराबरोबर जीं जहाजें विकलीं गेलीं त्यांत ‘पंजाब’ नांवाची एक वाफेची लढाऊ नौका होती. करसेटजी रुस्तमजी यांच्या देखरेखीखालीं ती १८५४ मध्यें मुंबईस पाण्यांत उतरली होती. जॉन विलिस नांवाच्या लंडनच्या जहाजमालकानें ती घेतली, यंत्रें काढून टाकलीं, शिडें चढविलीं आणि ‘द ट्वीड’ असें नांव ठेवलें. यंत्राविना ती इतकी जलद चालूं लागली कीं, पुढें १८६९ मध्यें विलिसनें चहाच्या शर्यतीसाठीं ‘कटी सार्क’ बांधविलें तेव्हां आपल्या बांधणीकाराला आधीं या जहाजाचा तळ दाखविला आणि नव्याची नाळ तशीच हवी असें सांगितलें. ग्रीनविचला जाणारा प्रवासी ‘कटी सार्क’ पाहून इंग्रजी कौशल्याची वाहवा करतो. त्या जहाजाची नाळ कोणाच्या नजरेंतून उतरली आहे हें त्याला कोणी सांगत नाहीं. तिचा बांधणीकार स्कॉटिश होता हें खरेंच, आणि त्याचें श्रेय त्याला आहेच. पण त्याला दाखविलेला नमुना मुंबईचा होता.

१८६९ मध्यें सुवेझचा कालवा उघडला आणि शिडांच्या जहाजांचा उरलासुरला आधारहि गेला. १८५७ पासून मुख्य बांधणीकार असलेले जमशेटजी धनजीभाई १८८४ पर्यंत त्या जागेवर होते. त्यांच्या हातचें काम आतां बांधणीचें नसून बहुतेक दुरुस्तीचें होतें. त्यांच्यानंतर त्या जागेवर वाडिया आला नाहीं. घराण्याच्या दुसऱ्या शाखांनीं गिरण्या काढल्या, व्यापार केला, दानधर्म केला. गोदी आरमाराकडे राहिली. ती आजहि भारतीय नौदलाची गोदी आहे. शेजारच्या माझगांव गोदीनें १९७२ मध्यें ‘निलगिरी’ ही लढाऊ नौका नौदलाच्या स्वाधीन केली, तेव्हां मुंबईच्या बांधणीचा तुटलेला धागा शंभराहून अधिक वर्षांनीं पुन्हां जोडला गेला. त्याआधीं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं शिंदे कंपनीच्या वतीनें विशाखापट्टणास कारखाना काढला होता आणि त्यांतून ‘जलउषा’ १९४८ च्या मार्चमध्यें निघाली. परंतु ती कहाणी स्वतंत्र लेखाची आहे.

वाडियांच्या जहाजांचें पुढें काय झालें, एवढें सांगून हा लेख पुरा करतों. ‘कॉर्नवॉलिस’ शीरनेसच्या धक्क्याला कायमचें बांधून ठेवण्यांत आलें आणि १९५७ मध्यें मोडलें. म्हणजे त्याचें सागवान एकशें चव्वेचाळीस वर्षें टिकलें. ‘वेलस्ली’ टेम्स नदींत मुलांच्या शिक्षणाचें जहाज म्हणून उभें होतें. सप्टेंबर १९४० मध्यें जर्मन विमानांनीं तें बुडविलें. शिडाच्या काळांतील लढाऊ जहाज शत्रूच्या हातून बुडण्याचा जगांतील हा शेवटचा प्रसंग. आणि तोफेच्या गोळ्यांसाठीं बांधलेल्या त्या फळ्यांना शेवटीं बाँब लागला. ‘त्रिंकोमाली’ मात्र अजून पाण्यावर आहे. तिचें नांव मध्यंतरीं बदललें होतें, तें १९९२ मध्यें परत मिळालें. इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तिची दुरुस्ती अकरा वर्षें चालून २००१ मध्यें संपली. तिचें बरेचसें मूळ लांकूड अद्याप जागेवर आहे. ब्रिटनच्या पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून ती पाहावयास जातात.